झाकण घट्ट आहे ना?

२ फेब्रुवारी

लेकीचा फोन. जहाज महिनाअखेरीस आपल्या बंदराला लागणार. चार दिवस घरी, मग पुन्हा सहा महिने पाण्यावर. जहाजाच्या इंजिनरूममध्ये सेकंड इंजिनियर आहे, बोलते मात्र कॅप्टनसारखी.

मी म्हटलं, तुझ्यासाठी तुकड्यांचा डबा तयार ठेवते. ती म्हणाली, आई, डबा नको. मी म्हटलं, का नको? ती म्हणाली, मागच्या वेळचं आठवतंय ना?

आठवतंय. पोर्कची कातडी तळून केलेले तुकडे, माझ्या हातचे, डबा भरून दिले होते. ते म्हणे बंदर सोडल्या सोडल्या मऊ पडले, मग खवट झाले, आणि बाईसाहेबांनी ते समुद्रावरच्या पक्ष्यांना घातले. पक्ष्यांनीसुद्धा म्हणे तोंडात घेण्याआधी विचार केला. हे तिने माझ्या नणंदेसमोर सांगितलं. वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी मलाच आणून द्यावं लागलं.

आणि आज म्हणते, आत्या देणार आहे थोडे, तेवढे पुरे.

तेवढे पुरे! ज्या बाईला उभ्या जन्मात दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करता आला नाही, तिचे तुकडे समुद्र ओलांडणार, आणि पोटच्या पोरीला आईचे नकोत.

ठराव: यंदा जहाजावर माझाच डबा जाईल. शेवटच्या तुकड्यापर्यंत कुरकुरीत राहील. मी बँकेच्या लॉकर विभागात हयात घालवली आहे. लोकांच्या आजीपणजीचं सोनं सांभाळलं, एक अंगठी इकडची तिकडे झाली नाही. डुकराची कातडी सांभाळणं म्हणजे काय मोठं?

५ फेब्रुवारी

तळणी झाली. कातडी उकडा, आतली चरबी खरवडा, तुकडे करा, मंद ओव्हनमध्ये खडखडीत वाळवा, मग कडक तेलात सोडा. सगळं पुस्तकाबरहुकूम. तेलात पडल्याबरोबर असे फुगले की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

घरभर वास. यांनी खिडकी उघडली, मी लावून घेतली. वन्सं तळमजल्यावर राहतात, आम्ही तिसऱ्यावर. वास खाली उतरला की बातमी उतरली.

यांनी विचारलं, पोरगी महिनाअखेरीला येणार तर आत्ताच का तळलंस? परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडणाऱ्या मुलींकडे आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर ज्या नजरेने पाहायच्या, त्या नजरेने पाहिलं. यांचं शिक्षण म्युनिसिपालिटीच्या शाळेत झालं, यांना ती नजर कळत नाही.

नवा डबा आणलाय. स्टीलचा, झाकणाला रबराची रिंग, दोन्ही बाजूंना चाप. चाप लागताना असा आवाज येतो, थेट स्ट्राँगरूमच्या दाराची आठवण झाली. वर लेबल लावलं, तारीख घातली, खाली सही केली.

डॉक्टरीणबाईंनी मला मीठ आणि तळण बंद केलंय. मी एकही खाल्ला नाही. एक चाखून पाहिला, कारण माल आत ठेवताना तपासलाच पाहिजे.

६ फेब्रुवारी

सकाळी डबा उघडून पाहिला. कुरकुरीत.
दुपारी पाहिला. कुरकुरीत.
संध्याकाळी पाहिला. कुरकुरीत. हात लावायला इतरांना बंदी केली आहे.

९ फेब्रुवारी

आज चावताना आवाज कमी आला. यांनाही ऐकवलं. यांच्या कानाजवळ तोंड नेऊन चावले. म्हणाले, येतोय की आवाज. यांना ऐकायला कमी येतं हे मी विसरले होते, म्हणजे आवाज खरोखर किती कमी असेल ते बघा.

कारण सापडलं. तेल. तुकडे अंगचं तेल सोडतात आणि त्यात भिजून बसतात. उपाय: थराथरात वर्तमानपत्र.

१० फेब्रुवारी

वर्तमानपत्राने तेल शोषलं. तुकड्यांनी वर्तमानपत्र शोषलं. एका तुकड्यावर शेअरबाजार उलटा वाचता येतो. छापील तुकडे बाजूला काढून एकेक करून संपवावे लागले. टाकणार कसे? अन्न आहे.

यांनी विचारलं, मीठ चालतं का तुला? मी म्हटलं, खात नाहीये, निकालात काढतेय.

१२ फेब्रुवारी

वन्सं वर आल्या. निमित्त साखरेचं. या बाईच्या घरी साखर नेमकी माझ्या स्वयंपाकघरात काहीतरी चाललेलं असतानाच संपते. आयुष्यभर सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसून लोकांना हाउसफुल्ल सांगितलं, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात किती जागा शिल्लक आहे ते एका नजरेत मोजतात.

डब्याकडे बघून म्हणाल्या, काय वहिनीबाई, लॉकर उघडलंस वाटतं घरी? आणि अगं, पोरीची बोट अजून कुठच्या कुठे आहे, आत्तापासून कशाला तळून बसलीस? मी म्हटलं, तुमचं झालं नाही वाटतं अजून. तर हात उडवून म्हणाल्या, माझं कुठलं! माझं अजून तळायचंय. मी आळशी बाई. ती आल्यावर बघू.

धादांत खोटं. परवा त्यांचं लाइटचं बिल द्यायला खाली गेले तेव्हा या डोळ्यांनी पाहिलंय. फडताळात, गॅसच्या अगदी डोक्यावर, काचेची बरणी भरलेली. झाकण तिरकं. आत तपकिरी, चकचकीत, बारके बारके तुकडे. इतके बारके की कंजूषपणालाही लाज वाटावी. आणि तोंडावर सांगतात, तळायचंय!

मी त्यांना एक तुकडा दिला. नुसता दाबून पाहिला आणि म्हणाल्या, छान मऊ आहे हो, म्हाताऱ्या माणसांना बरा.

साखर दिली नाही. संपली आहे म्हटलं.

१५ फेब्रुवारी

मऊपणाचं कारण कळलं. दमट हवा. नव्या बुटांच्या खोक्यात त्या पांढऱ्या पुड्या येतात, ओल शोषायच्या. यांच्या बुटांच्या खोक्यांतून सगळ्या गोळा केल्या आणि डब्याच्या तळाशी घातल्या. विज्ञान. वन्संना हे सात जन्मांत सुचणार नाही.

१६ फेब्रुवारी

डबा उघडला. कातडीला बुटांचा वास येतोय. तसं पाहिलं तर दोन्ही एकाच घराण्यातले, पण खाताना चालत नाही. पुड्या काढल्या. तुकडे ताटात पसरून दिवसभर हवेला ठेवले. वास गेला. होता नव्हता तो कुरकुरीतपणाही गेला.

दुपारी: शिवाय डबा हलका लागतोय. गळ्यापर्यंत भरला होता, आता निम्म्याला आलाय. घरात माणसं दोन. मी फक्त चाचणी घेते. उरलं कोण?

यांना विचारलं. म्हणाले, मी हातही लावलेला नाही, मला तो डबा उघडता येत नाही, चाप बोटाला चिमटा काढतो. असं म्हणून बोट दाखवलं. बोट दाखवलं म्हणजे प्रयत्न केला होता.

१८ फेब्रुवारी

बँकेची पद्धत लागू केली. लॉकरला दोन किल्ल्या असतात, एक गिऱ्हाइकाकडे, एक बँकेकडे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाला सुताराकडून दोन कड्या मारून घेतल्या, दोन कुलुपं लावली. एक किल्ली माझ्या गळ्यात, एक यांच्या खिशात. सुताराने विचारलं, बाई, आत काय ठेवता एवढं? मी म्हटलं, बँक कधी सांगत नसते.

आता चोरी बंद, आणि मऊपणाही बंद. माझं स्पष्ट मत आहे की परका हात लागल्यानेच माल मऊ पडतो.

२० फेब्रुवारी

सकाळची चाचणी राहिली. हे किल्ली घेऊन न्हाव्याकडे गेले. मी फोन केला. उचलेनात. न्हाव्याच्या दुकानात फोन केला आणि सांगितलं, अर्जंट आहे, पाठवा. पोरीचं काही बरंवाईट झालं असेल म्हणून हे धावत आले. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर साबण, गळ्यात न्हाव्याचा कपडा. जिन्यात वन्संनी पाहिलं आणि त्याही घाबरून मागोमाग वर.

मी म्हटलं, किल्ली द्या.

कपाट उघडलं, डबा उघडला, तुकडा चावला. तिघांनीही कान दिला. आवाज आला नाही. मग वन्सं हळूच म्हणाल्या, अगं, दिवसातून कितीदा उघडतेस तो डबा? जरा झाकलेला राहू दे की बिचाऱ्याला.

म्हणे झाकलेला राहू दे. तपासल्याशिवाय कळणार कसं? आमच्या बँकेत एक म्हातारे गृहस्थ रोज यायचे. लॉकर उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे, निघून जायचे. काही काढायचे नाहीत, काही ठेवायचे नाहीत. त्यांचं सोनं कधी मऊ पडलं नाही.

हे उरलेली दाढी करायला परत गेले.

२५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. बंदरात जागा नाही म्हणून जहाज बाहेर नांगर टाकून उभं आहे. कधी लागेल सांगता येत नाही. मी म्हटलं, नक्की तारीख सांग. ती म्हणाली, आई, मला माहीत असती तर सांगितली नसती का. संध्याकाळी पुन्हा फोन केला. म्हणाली, सकाळपासून बंदर मोठं झालेलं नाही. रात्रीच्या जेवणाआधी केला. उचलला नाही. आजकालच्या फोनच्या बॅटऱ्या टिकत नाहीत.

जुना घाणा संपला. (चाचणीत.) नवा तळला. या वेळी फ्रिज. थंडीत कुठलाच पदार्थ बिघडत नाही, हे लहान मूलही सांगेल.

२८ फेब्रुवारी

फ्रिजमधून काढल्याबरोबर तुकड्यांना घाम फुटला. अक्षरशः घाम. पुसून घेतले. वर कांद्याचा वास. फ्रिज कंपनीला पत्र लिहिणार आहे. इंग्रजीत.

४ मार्च

तिसरा घाणा. खाटीक म्हणाला, बाई, घरात कार्य आहे का? मी म्हटलं, हो. म्हणाला, लेकीचं का? मी म्हटलं, हो. त्याने अभिनंदन केलं. खोटं कुठे बोलले?

या वेळी काचेची मोठी बरणी, खिडकीत, चांगल्या उन्हात. ऊन म्हणजे कोरडं. शिवाय वन्सं खाली कपडे वाळत घालतात तिथून ती दिसते.

८ मार्च

खवट. उन्हाने तेलाचं वाटोळं केलं. चाचणी अर्धी राहिली, उरलेला तुकडा कावळ्यासाठी कठड्यावर ठेवला. कावळ्याने पाहिलं, मान तिरकी केली आणि उडून गेला. पक्ष्यांचं आमच्या घराण्याशी काय वाकडं आहे कळत नाही.

यांना म्हटलं, कुणाला सांगू नका. हे म्हणाले, कोणाला सांगणार, आणि काय सांगणार. हल्ली यांचं बोलणं फार गूढ झालंय.

११ मार्च

चौथा घाणा. आता शहाणी झाले. फ्रिज नाही, ऊन नाही, वर्तमानपत्र नाही, बूट नाहीत. फक्त रिंगचा डबा, अंधारं कपाट, दोन कुलुपं. डबा गच्च भरून चाप लावले. आता लेक येईपर्यंत उघडणार नाही.

दुपारी: उघडला. नीट लागलाय की नाही ते बघायला. नीट लागला होता.

१५ मार्च

आली! सकाळीच आली. तिसऱ्या मजल्यावर मी दारात उभी, आणि ही तळमजल्यावरच अडकली. वन्संचं दार आधी लागतं. घर बांधणाऱ्याची चूक आहे. खालून आधी हसण्याचा आवाज आला, मग तळणाचा वास. ताजं तळण! एवढ्या सकाळी! बरणी भरून ठेवलेली असताना केवळ मला वास यावा म्हणून या बाईने नव्याने कढई चढवली. दुष्टपणालाही काही वेळकाळ असतो.

वर आली ती ओठांना तेल लावूनच. बारीक झाली आहे. डोळ्यांखाली काळं आलंय. जवळ घेतलं तर अंगाला डिझेलचा वास, आणि केसांना वन्संच्या स्वयंपाकघराचा.

सामानही खाली ठेवू दिलं नाही. यांची किल्ली, माझी किल्ली, कपाट, डबा. एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने तोंडात घातला आणि चावत राहिली. पुष्कळ वेळ चावत राहिली. मग म्हणाली, छान आहे, आई.

आवाज आला नव्हता. इंजिनरूममध्ये राहून तिचेही कान गेले असावेत.

१६ मार्च

लेक दिवसभर झोपली. तीनदा दार उघडून पाहिलं, झोपली आहे ना. तिसऱ्यांदा डोळे मिटूनच म्हणाली, आई, झोपलेच होते.

संध्याकाळी स्पष्ट विचारलं, डबा नेणार ना? ती म्हणाली, आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. आत्याचं जहाजावर बरं पडतं, महिनोन्‌महिने टिकतं. तुझे इथे बसून खाऊ ना. मी म्हटलं, टिकतं! तिरक्या झाकणात! ती म्हणाली, अगं, त्याचं कारण... मी म्हटलं, कारणं मला सांगू नकोस, मी कारणांतच आयुष्य काढलंय. आणि खोलीतून निघून आले.

वाईट वाटलेलं नाही. अजिबात नाही. फक्त जेवले नाही.

१७ मार्च, दुपारी

हे कोणालाही कळता कामा नये.

लेक आणि वन्सं बाजारात गेल्या, प्रवासाचं सामान आणायला. मला कुणी चल म्हटलं नाही. वन्संच्या घराची एक जादा किल्ली आमच्याकडे असते, आग लागली, पाइप फुटला तर हवी म्हणून. पाइप फुटलाय का ते बघायला खाली गेले.

पाइप ठीक होता. बरणी समोरच होती.

मी चोरी केलेली नाही. दुसऱ्याचा माल कसा टिकतो याची तुलना करणं हा चाचणीचाच भाग आहे. एक तुकडा घेतला. पुढच्या दातांनी जोर लावून चावला. तुकड्याला काही झालं नाही. माझा पुढचा दात गेला. तो बसवलेला, पांढराशुभ्र, ज्याच्या जोरावर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हसायचे. तो तिथेच फरशीवर पडला. उचलला, रुमालात बांधला, दार ओढून वर आले.

आरशात पाहिलं. तोंड उघडलं की दाराला फट राहिल्यासारखं दिसतं. ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते.

पण काय सांगू, आनंद झाला! दगड! वन्संचे तुकडे दगड झालेत! महिनोन्‌महिने टिकतात म्हणे. टिकणारच. दगडही टिकतो. जाऊ दे घेऊन. भर समुद्रात पहिला घास घेईल तेव्हा आईची आठवण येईल.

संध्याकाळी

आनंद टिकला नाही. तोही डबा उघडा राहिल्यासारखा मऊ पडला.

समुद्रावर दातांचा डॉक्टर नसतो. पोरीचे दात माझ्या वळणाचे, वरून बळकट, आतून पोकळ. इंजिनच्या त्या धडधडाटात दाढ ठणकत ती तिथे एकटी बसेल. आणि मी इथे जिंकलेली असेन.

सांगावं, तर बरणी उघडली होती हे सांगावं लागेल. जिने सगळी नोकरी परक्याच्या कप्प्याला बोट न लावता केली, तिने रिटायर झाल्यावर नणंदेच्या फडताळात हात घातला. वन्संना हा किस्सा मरेपर्यंत पुरेल. मेल्यावरही मोठ्याने सांगतील.

ठराव: गप्प बसायचं. तोंड उघडायचंच नाही, म्हणजे दातही दिसणार नाही.

१८ मार्च

सकाळपासून तोंडावर रुमाल. सर्दी झाली म्हटलं. हे म्हणाले, कालपासून घर किती शांत आहे. याचा अर्थ नंतर विचारीन.

टॅक्सी दारात. लेकीची बॅग गाडीत चढली. वन्संनी बरणी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रिकामी केली, गाठ मारली आणि लेकीच्या हातात दिली. लेक मला जवळ घ्यायला आली, आणि माझ्याने राहवलं नाही. रुमाल काढला आणि म्हटलं, ते खाऊ नकोस, दगड आहेत, दात पडेल, माझा पडला, बघ. प्रत्येक वाक्यात शिट्टी. टॅक्सीवाल्याला वाटलं त्यालाच बोलावलं, त्याने गाडी पुढे घेतली.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. ठसका लागेपर्यंत हसल्या. या वेळी पाणी कोणी दिलं नाही.

मग कळलं. ते तळलेलेच नव्हते. कातडी नुसती वाळवलेली. कच्ची. तशी ठेवली की महिने काढते, हवी तेव्हा मूठभर तेलात सोडायची, फुगते, ताजी. जहाजावरचा आचारी रविवारी लेकीला तळून देतो. वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, अगं वहिनीबाई, दहादा सांगितलं तुला, माझं अजून तळायचंय म्हणून. मला मेलीला आधी तळून ठेवायचा कंटाळा, एवढंच तर आहे.

लेक म्हणाली, मी सांगतच होते परवा. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, मला वाटलं तुला माहीत आहे. महिनाभर अर्धी दाढी, दोन कुलुपं सोसली, आणि या माणसाला वाटलं मला माहीत आहे!

मी वर जायला निघाले. काय उरलं होतं तिथे? तेवढ्यात लेकीने पिशवी वरखाली करून पाहिली आणि म्हणाली, आत्या, ही फुटणार गं, बोटीवर ओल फार असते. मग मला हाक मारली. आई, तुझा तो रबराच्या रिंगचा डबा मिळेल का?

गुडघ्यांची पर्वा न करता तीन मजले चढले. यांची किल्ली खाली राहिली होती, म्हणून कडीच उपटली. माझे तुकडे पातेल्यात ओतले, डबा पुसला, लेबल तसंच ठेवलं, खाली आणला. वन्संचा माल आत गेला. चाप मी स्वतः लावले. दोन्ही. मग एकदा उघडून पाहिले आणि पुन्हा लावले.

लेकीने मला घट्ट धरलं. कानात म्हणाली, आई, आता तोंड मीट, हवा जाईल.

गाडी वळेपर्यंत मी तोंड मिटून उभी होते. नाहीतर रडू बाहेर आलं असतं, तेही शिट्टी वाजवत.

संध्याकाळी: २ फेब्रुवारीचा ठराव पुन्हा वाचला. जहाजावर माझाच डबा जाईल, असं लिहिलंय. गेला. आत काय आहे याची चौकशी लॉकरवाले करत नसतात.

२६ मार्च

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नवा दात बसायला वेळ लागेल. तोवर कडक काही खायचं नाही. मऊ खा म्हणाले.

पातेल्यातले तुकडे अजून तसेच आहेत. झाकण नव्हतं, वर ताटली होती. पूर्ण मऊ पडलेत. चहाबरोबर दोन घेतले. दात लागत नाही, जिभेनेच होतं. ही चाचणी नव्हे. पथ्य.

वन्सं आल्या, साखर मागायला. दिली. समोर बसून त्यांनीही एक खाल्ला आणि म्हणाल्या, मऊसुद्धा बरा लागतो गं. टोमणा असावा. दुसरा मागितला, तेव्हा खात्री राहिली नाही.

२ एप्रिल

लेकीशी रोज बोलणं होतं. मी फारसं काही विचारत नाही. जेवलीस का, झोपलीस का, झाकण घट्ट आहे ना. एवढंच.

आज ती म्हणाली, आई, एक सांगू? तू विचारलंस की मी दर वेळी डबा उघडून बघते.

फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या रिकाम्या कपाटाकडे बघत बसले. एका बाजूची कडी अजून लोंबते आहे.

ठराव: उद्यापासून विचारायचं नाही.

३ एप्रिल

सकाळी विचारलं नाही.
दुपारी विचारलं नाही.
संध्याकाळी यांना फोन लावायला सांगितला आणि यांना विचारायला लावलं.

घट्ट आहे. तिने उघडून पाहिलं.